दुबईचं ऊन, टोयोटा 86 आणि 5W-40 ऑइल: चौदा महिन्यांचा अनुभव

आधी गाडी सांगतो. टोयोटा 86, 2015 चं मॉडेल, मॅन्युअल गिअर, सेकंडहँड. घेतली तेव्हा 71 हजार किमी झालेले, आत्ता 88 हजार. मधल्या काळात दुबईचे दोन उन्हाळे काढले. ही गाडी म्हणजे टोयोटाचं नाव आणि सुबारूचं बॉक्सर इंजिन (सिलिंडर उभे नाहीत, आडवे समोरासमोर), 2 लिटर, टर्बो नाही, सगळी गंमत 7 हजार आरपीएमच्या आसपास. म्हणजे ऑइलला काम भरपूर.

फॅक्टरीतून हिच्यात 0W-20 ग्रेडचं इंजिन ऑइल येतं. पाण्यासारखं पातळ, डिपस्टिकवर (ऑइलची पातळी बघायची पट्टी) बघितलं तर नीट दिसतही नाही. गाडी घेतली मे महिन्यात, बाहेर 44, आणि मला झोप येईना की एवढ्या पातळ ऑइलवर इंजिन जगणार कसं. त्यात नागपूरहून बाबांचा फोन, त्यांचं एकच पालुपद, उन्हाळ्यात जाड ऑइल टाक, आम्ही आयुष्यभर 20W-40 वर गाड्या चालवल्या. आता बाबांच्या स्प्लेंडरचं आणि हिचं काय नातं, पण मनात शंका बसली ती बसली.

मग मी जे केलं ते तुम्ही करू नका. एका गॅरेजमध्ये गेलो (नाव घेत नाही), तो म्हणाला "भाई, यहाँ की गर्मी में गाढ़ा डालो", आणि 20W-50 टाकून दिलं. वर हद्द म्हणजे 5 लिटरचा एक आणि 1 लिटरचा एक असे दोन्ही कॅन रिकामे केले. हिला फिल्टरसकट 5.4 लिटर लागतं! घरी येऊन गाडी सपाट जागी थंड होऊ दिली, डिपस्टिक काढली तर ऑइल वरच्या खुणेच्या कितीतरी वर. जास्त भरलेलं ऑइल आत घुसळून फेस धरतं आणि फेसाने बेअरिंगला वंगण मिळत नाही, हे मला तेव्हा माहीतही नव्हतं. सकाळी स्टार्ट केल्यावर इंजिन जड, पहिली दहा मिनिटं गाडी चिखलातून चालल्यासारखी, पेट्रोलही जास्त प्यायला लागली. याचं कारण नंतर कळलं, या इंजिनात व्हॉल्व्हचं टायमिंग ऑइलच्याच प्रेशरने हलतं, त्याला अरुंद वाटांमधून ऑइल पटकन पोचायला हवं आणि 20W-50 काही पटकन पोचत नाही. तीन आठवड्यांत काढून टाकलं. पैसे पाण्यात, म्हणजे ड्रेन पॅनमध्ये.

त्यानंतर जरा बसून वाचलं. W वाला पुढचा आकडा थंड ऑइलचा, जितका लहान तितकं थंडीत पातळ. 20, 30, 40 हा जो मागचा आकडा असतो तो 100 अंशांवरच्या घट्टपणाचा असतो, बाहेर 20 असो की 48. कूलंटला थर्मोस्टॅट (तापमान ठरावीक ठेवणारा व्हॉल्व्ह) असतो, त्यामुळे इंजिन गरम झालं की नागपूर, दुबई, पुणे सगळीकडे ऑइल साधारण त्याच पट्ट्यात चालतं. बाहेरच्या उन्हाने फरक पडतो, नाही असं नाही, पण आपल्याला वाटतो तेवढा नाही. दुसरी गोष्ट एचटीएचएस, म्हणजे 150 अंशांवर जोरात घासलं जाताना ऑइलचा थर किती टिकतो त्याचं माप. 20 ग्रेडला ते कमीत कमी 2.6 लागतं, 30 ला 2.9, 5W-40 ला 3.5. डब्यावर हे छापत नाहीत पण मागे बारीक अक्षरात एसीईए ए3/बी4 (ऑइलच्या दर्जाची युरोपियन खूण) असं दिसलं तर समजा 3.5 किंवा वर आहे. मी आता डब्याची पुढची बाजू बघतच नाही, "रेसिंग", "अल्ट्रा", "डेझर्ट" काय वाट्टेल ते लिहितात.

टोयोटाच्या मॅन्युअलमध्येही 0W-20 च्या खाली एक ओळ आहे की जास्त स्पीड किंवा जास्त लोडवर चालवत असाल तर थोडं जास्त घट्ट ऑइल योग्य ठरू शकतं. ती ओळ कोणी वाचत नाही, मीही नव्हती वाचली.

तर जुलैत शेल हेलिक्स अल्ट्रा 5W-40 टाकलं. याचं बेस ऑइल नैसर्गिक वायूपासून बनतं, कतारला रास लफानच्या प्लांटमध्ये, म्हणजे आपल्या शेजारीच. 4 लिटरचा एक आणि 1 लिटरचे दोन डबे घेतले, अर्ध्याहून जास्त लिटर उरतं ते टॉप-अपला. या गाडीचा फिल्टर बोनेट उघडलं की समोर वरच दिसतो, त्यामुळे बदलणं सोपं, फक्त ड्रेन प्लगचा वॉशर दर वेळी नवीन टाका.

त्याच वेळी फिल्टरखाली सेन्सरची प्लेट लावून ऑइल टेंपरेचरचं गेज बसवलं, कारण माझ्या मॉडेलला ते येत नाही. सगळ्यात उपयोगी खर्च हाच, ऑइलपेक्षाही. ऑगस्टमध्ये शारजाच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये, बाहेर 43, एसी फुल, गाडी मुंगीच्या पावलाने, मी घामाघूम होऊन गेजकडे बघतोय तर काटा 99-100. शेख झायेद रोडला एका लयीत चालवली तर 105. बस. आणि जानेवारीत रास अल खैमाला जेबेल जैसच्या घाटात गेलो, रात्रीची वेळ, बाहेर 14 अंश, बायको शाल गुंडाळून बसलेली, मी तिसऱ्या गिअरमध्ये 6-7 हजार आरपीएमवर मजेत वर चाललोय, आणि वर पोचेपर्यंत काटा 127! बायको म्हणाली हीटर लाव, म्हटलं इंजिनच हीटर झालंय. म्हणजे ज्या उन्हाला मी चार महिने घाबरत होतो ते आभाळात नव्हतंच, माझ्या उजव्या पायात होतं.

फेब्रुवारीत ऑइल कूलर लावला, थर्मोस्टॅटवाला (बिनथर्मोस्टॅटचा घेऊ नका, थंडीत सकाळी ऑइल गरमच होत नाही). नंतर तोच घाट, तसंच चालवून 113. एवढा फरक कुठल्याही ऑइलच्या आकड्याने पडला नसता.

5W-40 वर इंजिन कसं वाटतं? सकाळी 0W-20 पेक्षा किंचित जड, मोजून एक-दोन मिनिटं. वरच्या रेव्ह्जना आवाज भरीव येतो, खरखर कमी. पेट्रोलमध्ये थोडा फरक असेल पण माझ्या चालवण्यात तो हरवून जातो. ऑइल पिते का, तर 6 हजार किमीत जेमतेम पाव लिटर. एकदा मात्र घाबरलो होतो, आयडलला बोनेटखालून किर्र किर्र असा आवाज, अगदी गावाकडचे रातकिडे, वाटलं ऑइल सूट होत नाहीये. तो हाय प्रेशर फ्युएल पंपाचा आवाज निघाला, या इंजिनची जुनी खोड आहे, ऑइलचा संबंध नाही.

आता खरी गंमत. 79 हजारला ऑइल बदलताना एक छोटी बाटली भरून लॅबला दिली. घट्टपणा ठीक, अजून 40 च्याच पट्ट्यात. लोखंड, म्हणजे इंजिनची झीज, ठीक. सिलिकॉन मात्र जास्त! सिलिकॉन म्हणजे बहुतेक वेळा धूळ, आणि इथली धूळ म्हणजे पिठासारखी बारीक वाळू. शोधलं तर आधीच्या मालकाने हौसेने उघडा, कोनाच्या आकाराचा एअर फिल्टर लावलेला, दिसायला लालभडक, आवाजही छान, आणि आत वाळू सोडतोय. 20 की 40 यावर मी रात्री जागवतोय आणि इंजिनात पॉलिश पेपर चाललाय. तो काढून कंपनीचा साधा कागदी फिल्टर आणि बंद डबा लावला, 85 हजारच्या रिपोर्टमध्ये सिलिकॉन खाली आलं, लोखंडही आणखी कमी झालं.

कोणाला काय सुचवेन? गाडी वॉरंटीत असेल तर मॅन्युअलमध्ये जे ग्रेड आणि अप्रूव्हल (गाडीच्या कंपनीची त्या ऑइलला मान्यता) आहेत त्याबाहेर जाऊ नका, युरोपियन गाड्यांत तर आकड्यापेक्षा ते अप्रूव्हलच महत्त्वाचं. नुसती ऑफिस-घर करणारी 86 असेल तर 0W-20 किंवा 5W-30 वर आरामात चालेल, बाहेर कितीही भाजत असलं तरी. घाट, ट्रॅक डे (रेस ट्रॅकवर आपली गाडी पळवणं) असले शौक असतील तर 5W-40, आणि त्याआधी गेज. इथे लोक 10 हजारला बदलतात, मी 6 ला बदलतो. ऑइल मोठ्या दुकानातूनच घेतो, सील बघून, रस्त्याकडेला स्वस्त मिळणाऱ्या कॅनच्या वाट्याला जात नाही.

पुढचा बदल 91 हजारला, परत हेच टाकणार. बाबांना अजून 5W-40 चं सांगितलेलं नाही, त्यांना एवढंच सांगितलंय की 40 टाकलं. ते खूश आहेत.