पातालपाणी–कालाकुंड घाट: जुनी मीटरगेज दुरुस्त करावी की ब्रॉडगेज टाकावी?

इंदूरजवळच्या महूच्या पुढचा हा जेमतेम १० किलोमीटरचा घाट होळकरांच्या १ कोटीच्या कर्जातून उभ्या राहिलेल्या लाइनचा. खर्च काढताना लोक रूळ मोजतात. घाटात आधी पाणी मोजावं.

दुरुस्ती करायची तर पहिला पैसा कटिंगच्या (रुळांसाठी डोंगर कापून केलेल्या वाटेच्या) माथ्यावरच्या गटारांवर, मोऱ्यांतला गाळ काढण्यावर आणि डोंगराची माती अडवणाऱ्या धरभिंतींची पाणी बाहेर सोडणारी, बुजलेली छिद्रं मोकळी करण्यावर घालावा. हे सोडून आधी रुळांखाली नवी खडी टाकली, तर एका पावसाळ्यात तिच्यात माती भरते, गाडीच्या वजनाखाली स्लीपर (रुळांखालचे आडवे ठोकळे) चिखल उपसू लागतात आणि तीच खडी पुन्हा चाळावी लागते. मग स्लीपर: ६० सेंटिमीटर अंतर धरलं तर किलोमीटरला सुमारे १,६६०. फिशप्लेट, म्हणजे दोन रूळ बोल्टनं जोडणारी पट्टी, मात्र प्रत्येक उघडून बघायला हवी, कारण रुळाची चीर बोल्टच्या भोकापासून सुरू होते आणि प्लेटखाली दिसत नाही.

ब्रॉडगेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर १,००० ऐवजी १,६७६ मिलिमीटर, एवढंच नाही. वळणाचे अंश जितके जास्त तितकं ते तीव्र: मीटरगेजला १६ अंशांचं वळण चालतं, म्हणजे १०९ मीटर त्रिज्या. ब्रॉडगेजला १० अंश, १७५ मीटर. त्यामुळे वळण डोंगरात सरकतं, बोगदे रुंद करावे लागतात, आणि ४० ला १ (४० मीटरला १ मीटर) हा चढ तसाच राहतो.

म्हणून पर्यटकांच्या गाडीसाठी दुरुस्तीच योग्य. खंडव्याकडची मालवाहतूक हवी असेल तर कमी चढाची वेगळी लाइन आखावी. या घाटाला हात लावू नये.