चित्र निवडलं गेलं, आता पैसे भरा

"अभिनंदन! आपल्या चित्राची आमच्या परीक्षक मंडळाने निवड केली आहे" असा मेसेज आला असेल आणि त्याच मेसेजच्या खालच्या ओळीत रक्कम लिहिलेली असेल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. मी चित्रकला शिक्षिका आहे. ए.टी.डी. (आर्ट टीचर डिप्लोमा) करून भांडुपच्या एका शाळेत शिकवते, मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवते आणि रात्री स्वतःचं काम करते. गेल्या वर्षी एका 'आंतरराष्ट्रीय' कला पुरस्काराच्या नावाखाली मला आणि माझ्यासारख्या कित्येकांना लुबाडण्यात आलं. आयोजकांचं नाव इथे देत नाही, कारण तक्रार चालू आहे. शिवाय अशी मंडळी नावं भराभर बदलतात, पद्धत बदलत नाहीत. म्हणून पद्धतच सांगते.

ही पद्धत मुंबईत इतकी का चालते, हे आधी समजून घ्यायला हवं. या शहरात चित्रकार भरपूर आहेत आणि भिंती थोड्या. १८५७ पासून जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून, आणि आता कितीतरी कॉलेजांमधून, दरवर्षी मुलं बाहेर पडतात. काळ्या घोड्याजवळची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे, पण तिथली तारीख मिळायला वर्षं जातात. कुलाबा-फोर्टच्या खाजगी गॅलऱ्या आपापले कलावंत निवडतात, तिथे अनोळखी माणसाचा पोर्टफोलिओ उघडलाही जात नाही. मग उरतात १८८८ ची बॉम्बे आर्ट सोसायटी, १९१८ ची आर्ट सोसायटी ऑफ इंडिया, कला संचालनालयाचं राज्य कला प्रदर्शन आणि ललित कला अकादमीचं राष्ट्रीय प्रदर्शन. तिथे चुरस मोठी. बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक १९३७ साली चित्रकार अमृता शेर-गिल यांना 'तीन मुली' या चित्रासाठी मिळालं होतं. ही कथा आम्ही विद्यार्थी असताना ऐकलेली असते. त्यामुळे 'सुवर्णपदक' हा शब्द आमच्या मनात कुठे जाऊन बसतो हे या लोकांना नेमकं ठाऊक असतं, आणि ते तोच विकतात.

सुरुवात अगदी साधी असते. इन्स्टाग्रामवर माझ्या एका चित्राखाली कौतुकाची कॉमेंट आली, मागोमाग मेसेज. प्रवेश फी १,००० रुपये. यात काही वावगं नव्हतं, प्रवेश फी चांगल्या संस्थाही घेतात. आठवड्याभरात सोनेरी किनारीचं पत्र आलं की हजारो प्रवेशिकांतून तुमचं चित्र निवडलं गेलं आहे, आणि प्रदर्शन दक्षिण मुंबईतल्या एका नावाजलेल्या दालनात आहे. त्याखाली सहभाग शुल्क १४,००० रुपये, अधिक १८ टक्के जीएसटी.

मी फोन केला. "मॅडम, जागा संपत आल्यात, आज संध्याकाळपर्यंत कन्फर्म करा," पलीकडचा माणूस म्हणाला. परीक्षक कोण, असं विचारलं तर म्हणे, "नावं समारंभात जाहीर करतो मॅडम, नाहीतर त्यांच्यावर दबाव येतो." उत्तर पटण्यासारखं होतं. मी दालनालाही फोन केला होता. तिथून सांगितलं, हो, त्या तारखांना बुकिंग आहे. तेही खरंच होतं. पण आता लक्षात येतं की दालन खरं असण्याने आयोजक खरा ठरत नाही. बरीचशी दालनं भाड्याने मिळतात, भाडं भरलं की दालनवाले चित्रांची निवड कोणी आणि कशी केली हे विचारत नाहीत. दालनाला विचारायचा प्रश्न वेगळा असतो: बुकिंग कोणाच्या नावावर आहे, आणि प्रदर्शनाशी तुमचा स्वतःचा काही संबंध आहे का?

प्रदर्शनाच्या दिवशी दालनात शिरले तेव्हा भिंत दिसतच नव्हती. चौकटीला चौकट लागलेली, एकावर एक तीन रांगा, सगळ्यात खालची रांग गुडघ्यापाशी. माझं चित्र लालबागच्या चाळीतल्या जिन्याचं होतं, तीस बाय छत्तीसचं, अ‍ॅक्रिलिकमधलं. ते एका खांबाच्या मागे लावलं होतं. बघायला आलेले लोक म्हणजे आम्हीच, एकमेकांचे नातेवाईक. तीन दिवसांत एकही समीक्षक, एकही गॅलरीवाला, एकही खरेदीदार मी पाहिला नाही. संध्याकाळी समारंभ झाला. वीस-वीस जणांना मंचावर बोलवायचे, गळ्यात पदक, हातात ट्रॉफी, फोटो, पुढची तुकडी. आदल्या दिवशी फोन करून प्रत्येकाला 'सत्कार किट'चे ३,५०० वेगळे मागितले होते. पनवेलचे एक निवृत्त कलाशिक्षक माझ्या शेजारी बसले होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना शिकवलं, आता स्वतःचं काम लोकांसमोर आणतोय, म्हणून सुना-नातवंडांना घेऊन आले होते. त्यांच्या गळ्यात जे पदक पडलं तेच पुढच्या रांगेतल्या बारावीच्या मुलीच्या गळ्यात, तेच माझ्या. काकांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि पिशवीत ठेवलं. मला त्या आयोजकांचा खरा राग तिथे आला. पैसे परत मिळवता येतील कदाचित, पण चाळीस वर्षं थांबलेल्या माणसाची ती संध्याकाळ कोण परत देणार?

त्याच रात्री आमच्यापैकी काहींनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला आणि तिथे एकीने विचारलं: तुमच्या ओळखीत कोणाचं चित्र नाकारलं गेलं का? एकही निघालं नाही. ज्यांनी ज्यांनी फी भरली त्या सगळ्यांची निवड झाली होती.

या एका प्रश्नावर मी सगळ्यात जास्त भर देते. खरं परीक्षण असतं तिथे चित्रं परत येतात. सोसायट्यांच्या प्रदर्शनांत नापसंत चित्रं ठरलेल्या तारखेला घेऊन जा अशी सूचना असते, आणि आपलं गुंडाळलेलं चित्र टॅक्सीत घालून घरी आणण्याचा अनुभव मुंबईतल्या बहुतेक चित्रकारांनी घेतलेला आहे. मीही घेतला आहे. वाईट वाटतं, पण तिथे कोणीतरी चित्राकडे पाहून 'नाही' म्हटलेलं असतं. म्हणून आयोजकांना सरळ विचारा: मागच्या वर्षी किती चित्रं आली, किती लावली, परीक्षक कोण होते? खऱ्या संस्थेच्या कॅटलॉगमध्ये परीक्षकांची नावं छापलेली असतात. त्या परीक्षकांपैकी एकाला तुम्ही स्वतः फोन करू शकता. निवड झाल्यावर पहिल्यांदा पैशाचा आकडा समोर येत असेल, तर निवड तुमच्या चित्राची झालेली नाही.

पुढचा टप्पा जास्त धोक्याचा आहे. प्रदर्शन संपल्यावर आयोजकांकडून फोन आला की दुबईच्या एका संग्राहकाला तुमचं चित्र हवंय, १,८०,००० रुपये देतो म्हणतो. त्याच्याशी बोलणंही करून दिलं, परदेशी नंबरवरून, अतिशय अदबीने. फक्त इन्शुरन्स आणि कस्टम्सचं परतावा मिळणारं डिपॉझिट म्हणून २२,००० रुपये मी भरायचे होते. ते भरल्यावर 'चलन क्लिअरन्स'साठी आणखी मागणी आली आणि मग फोन बंद. चित्र विकत घेणारा माणूस चित्रकाराकडून पैसे मागत नाही. आयात शुल्क माल पोचतो त्या देशात आणि माल मागवणाऱ्याला लागतं. २२,००० गेले ते कोणा एका माणसाच्या बचत खात्यात, संस्थेच्या नव्हे.

सहभाग शुल्काची पावती नंतर आमच्या ग्रुपमधल्या एका अकाउंटंट ताईंनी पाहिली. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचा २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी क्रमांकातलं सहावं, खातं कोणाचं ते सांगतं: पी असेल तर व्यक्ती, सी कंपनी, टी न्यास (ट्रस्ट). स्वतःला 'फाउंडेशन' म्हणवणाऱ्यांच्या पावतीवर पी होता. एकट्या माणसाने प्रदर्शन भरवणं गुन्हा नाही, पण मग पत्रावर नोंदणीकृत संस्था असं कशाला लिहायचं? जीएसटी पोर्टलवर क्रमांक टाकला की नाव फुकट दिसतं. संस्था न्यास असेल तर तिची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे असायला हवी.

प्रवेश अर्जातलं एक कलमही वाचा. आमच्या अर्जात 'प्रतिमेचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील' असं बारीक अक्षरात होतं, आणि माझा जिना आता कुठल्याशा वेबसाइटवर मगांवर छापून विकला जातो. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हक्क हस्तांतरित करायचे तर ते लेखी आणि सहीनिशी असावे लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. आणि चित्र आपलं आहे असं सांगण्याचा हक्क, कलम ५७ मधला, हस्तांतरानंतरही चित्रकाराकडेच राहतो. याच आधारावर मी त्या वेबसाइटला पत्र लिहिलंय.

पोलिसांकडे आमच्या प्रकरणाचे दोन भाग पडले. सहभाग शुल्काबद्दल पोलीस ठाण्यात सांगितलं की प्रदर्शन तर झालं, हा व्यवहारातला वाद आहे, ग्राहक आयोगाकडे जा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. दुबईच्या डिपॉझिटची तक्रार मात्र सायबर फसवणूक म्हणून घेतली गेली. त्यासाठी १९३० वर लगेच फोन करायचा असतो. पैसे पुढच्या खात्यांत वळते होण्याआधी तक्रार पोचली तर रक्कम गोठवता येते. माझी थोडी रक्कम तशी अडकवून ठेवली आहे, अजून हातात आलेली नाही. चित्र 'पॅकिंग आणि परतीचा खर्च' म्हणून अडवून ठेवलं होतं, ते पोलिसांत अर्ज दिल्याचं कळल्यावर परत आलं.

ग्रुपमधले बरेच जण अजून तक्रार द्यायला तयार नाहीत, घरी कळेल म्हणून. त्यांना आणि वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या बाबतीत असं घडलंय त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: चॅट डिलीट करू नका, ती एक्स्पोर्ट करून ठेवा. बँकेच्या किंवा यूपीआयच्या व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक), पावती, ते सोनेरी पत्र आणि प्रवेश अर्जाची प्रत एकत्र ठेवा. तक्रार आपापल्या नावाने द्या, पण एकाच आयोजकाविरुद्ध असलेल्या बाकी तक्रारींचे क्रमांक तिच्यात लिहा. आमच्याकडे असे क्रमांक जमा झाले आहेत, तेच आयोजक तुमचेही असतील तर ते मी देईन.