रात्री घरी चालणारं डायलिसिस मशीन, बाबांच्या वापरावरून रिव्ह्यू

ज्यांची किडनी हळूहळू कमी होत चाललीये आणि डॉक्टरांनी आता डायलिसिसची तयारी ठेवा असं सांगितलंय त्यांच्यासाठी लिहितेय. बाबा सायकलर मशीन वापरतात, म्हणजे पोटातलं डायलिसिस, नळीने पोटात पाणी भरून थोड्या वेळाने काढायचं, मशीनने केलं की एपीडी म्हणतात त्याला. आता सगळ्यांना सवय झालीये त्यामुळे बरंवाईट दोन्ही सांगता येईल. पाचपैकी चार स्टार.

जीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) 20 च्या खाली आला तेव्हापासूनच आम्ही चौकशीला लागलो आणि ते फार बरं झालं, कारण तयारीला वेळ जातो. हातावरचा फिस्टुला (हिमोडायलिसिससाठी, म्हणजे रक्त मशीनमधून साफ करण्यासाठी, ऑपरेशनने जोडलेली शीर) वापरण्याजोगा व्हायला दीड-दोन महिने तरी लागतात, कधी त्याहून जास्त, आणि पोटातली नळी बसवली तरी जखम भरायला साधारण 2 आठवडे देतात. हा वेळच हातात नसला की मानेतून नळी घालून घाईघाईत हिमोडायलिसिस सुरू करावं लागतं आणि मग कसली निवड अन् काय. चौकशी लवकर केली म्हणजे डायलिसिसही लवकर सुरू करायचं असं मात्र नाही. 2010 च्या आयडियल ट्रायलमध्ये, म्हणजे डायलिसिस लवकर की उशिरा सुरू करावं हे तपासणाऱ्या अभ्यासात, लवकर सुरू करणारे काही जास्त जगले असं दिसलं नव्हतं. आमच्या डॉक्टरांनीही नुसता क्रिएटिनिनचा (किडनी बाहेर टाकते त्या रक्तातल्या कचऱ्याचा) आकडा धरला नाही, भूक गेली, मळमळ, सूज वाढली तेव्हाच सुरू केलं.

दुसरा पर्याय सेंटरला जाऊन हिमोडायलिसिस, आठवड्यातून 3 वेळा, दर वेळी 4 तास. मी आत जाऊन बघून आले, वाईट काहीच नाही, सगळं स्टाफ करतो, मधले दिवस मोकळे, घरात सामानाचा पसारा नाही, एकटं राहणाऱ्याला किंवा ज्याचे हात थरथरतात त्याला मी तेच सांगेन. पण बाबांना दिवसा काम करायचंय आणि सुयांची त्यांना मनापासून भीती, म्हणून हे.

आता मशीन. झोपायच्या आधी दारं-खिडक्या आणि पंखा बंद, मास्क, हात साबणाने चोळून धुवून पूर्ण कोरडे, मग बॅग हीटरवर ठेवायची, कॅसेट (नळ्या जोडलेला प्लास्टिकचा भाग) बसवायची, नळ्यांमधली हवा निघू द्यायची आणि शेवटी पोटाची नळी जोडायची. जोडताना टोकाला बोट लागलं तर ते टोक बाद, तिथे अजिबात चालढकल नको, इन्फेक्शन तिथूनच शिरतं. पुढचे 8 ते 10 तास मशीन आपोआप पोटात पाणी भरतं, ठेवतं, काढतं. सकाळी बाबा बाहेर आलेल्या पाण्याच्या बॅगेमागे छापील कागद धरतात, अक्षरं स्वच्छ वाचता आली तर ठीक. गढूळ दिसलं, पोट दुखलं किंवा ताप आला तर सकाळ-संध्याकाळ न बघता लगेच सेंटरला फोन करायचा.

एक स्टार गेला तो अलार्मपायी. बाबा कुशीवर वळले, नळी दबली की ड्रेनचा, म्हणजे पाणी नीट बाहेर येत नसल्याचा, अलार्म, आईची झोप गेलीच. पण अर्ध्या वेळा कारण निघालं बद्धकोष्ठता!! पोट साफ नसलं की पाणी नीट बाहेर येत नाही हे आम्हाला सिस्टरांनी सांगितलं, औषध बदललं आणि अलार्म बरेच कमी झाले. सामानाचे खोकेही खूप येतात, कोरडी मोकळी जागा हवी. आणि एकदा सप्लायरने चुकीच्या स्ट्रेंथच्या बॅगा पाठवल्या, तेव्हापासून खोका घेतानाच ग्लुकोज 1.5 टक्के की 2.5 टक्के ते वाचूनच सही करतो.

डायबेटिस असेल तर हे नीट वाचा. या पाण्यात ग्लुकोज असतं, त्यातलं थोडं अंगात जातं, म्हणून साखर आणि वजन वाढू शकतं, इन्सुलिनचा डोस परत बसवावा लागतो. आयकोडेक्स्ट्रिनची (ग्लुकोजऐवजी दुसरा पदार्थ असलेल्या पाण्याची) बॅग लावली असेल तर काही ग्लुकोमीटर साखर खोटी जास्त दाखवतात आणि त्यावर इन्सुलिन घेतलं तर जिवावर बेतू शकतं, मीटर चालणारा आहे का ते आधीच विचारा. जेवणाचंही उलटं होतं, आधी प्रोटीन कमी करा म्हणत होते, आता पाण्यातून प्रोटीन जातं म्हणून वाढवा म्हणतात, बाबांना ते पटायलाच वेळ लागला.

वीज गेली तर हाताने बॅग बदलता यायला हवी, ट्रेनिंगमध्ये ते घरातल्या दोघांनी तरी शिकून घ्या, थोड्या जादा बॅगा कायम ठेवा. हर्निया असेल किंवा पोटाची मोठी ऑपरेशनं झाली असतील तर सर्जनला आधी सगळं सांगा, प्रत्येकाला हे जमतंच असं नाही. आणि नळी पोटावर कुठून बाहेर येणार ती खूण ऑपरेशनच्या आधी, नेहमीचे कपडे घालून, उभं राहून आणि बसून दोन्ही वेळा करून घ्या, पट्टा किंवा नाडी नेमकी तिथेच येत असेल तर जागा बदलायला सांगा.