पार्किंगच्या कोब्यावरचे डाग ‘उकळून’ काढणाऱ्यांपासून सावध

पार्किंगचा कोबा नव्यासारखा करून देतो म्हणत कुणी दारात आलं, तर घरातल्या ज्येष्ठांना आधी हे वाचून दाखवा. नाशिकला माझ्या आई-बाबांना या लोकांनी साडेअठरा हजारांना फसवलं.

गाडीखाली इंजिन ऑइलचे जुने काळे डाग होते. “काका, इंपोर्टेड केमिकल आहे, ऑइल मुळासकट वर येतं,” म्हणत त्यांनी कॅनमधलं पाणी ओतलं. कॅनवर लेबल नव्हतं. लगेच फेस आला, धूर निघाला. “बघा, ऑइल उकळतंय!” बाबांचा विश्वास बसला तो इथेच, आणि तसा कुणाचाही बसेल.

उकळत होतं ते सिमेंट. कॅनमध्ये हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड होतं, संडास धुवायला वापरतात तेच. कोब्यातल्या कॅल्शियम कार्बोनेटवर ते पडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणून फेस. स्वच्छ कोब्यावर ओतलं तरी तसाच फेस येतो. ऑइलला अ‍ॅसिड काहीच करत नाही. उलट तेलकट थराखाली ते पोचतही नाही. आई सांगते, त्या माणसाने डागाच्या मधोमध नाही, कडेला ओतलं होतं. धंद्याची सगळी मेख त्यात आहे.

वरचा गुळगुळीत थर जळाला, म्हणून फरशी ओली असताना उजळ दिसली. त्याच संध्याकाळी एका बादलीतून रोलर फिरवून त्याला ‘इपॉक्सी’ म्हटलं, पैसे रोख घेतले आणि गेले. फरशीचं खरं इपॉक्सी सहसा एका तयार बादलीतून निघत नाही. रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर वेगळे येतात, ऐनवेळी मिसळावे लागतात, आणि खालचा कोबा कोरडा लागतो. हे कोटिंग गाडीच्या गरम टायरला चिकटून सोलून निघालं. खालून तेच डाग वर आले, सोबत उघडी पडलेली खडी. कोबा आता आधीपेक्षा जास्त तेल पितो. शटरच्या खालच्या पट्ट्या आणि स्कूटरची रिम अ‍ॅसिडच्या वाफेने गंजली. आईला खोकला लागला, त्याचा मला सर्वांत जास्त राग आहे.

ऑइलचा डाग घरीही बराच फिका होतो. ताजा असेल तर लाकडाचा भुसा टाकून रात्रभर ठेवा. जुन्यावर डिग्रीजर (तेल-ग्रीस काढणारं द्रावण) किंवा गरम पाण्यातला धुण्याचा सोडा टाकून, हातमोजे घालून, नायलॉनच्या कडक ब्रशने घासा आणि पुन्हा करा. तारेचा ब्रश नको, त्याचे कण कोब्यात अडकून गंजतात. खोल मुरलेला डाग पूर्ण जात नाही, हे प्रामाणिक कारागीर आधीच सांगतो. आणि अ‍ॅसिडसोबत ब्लीच कधीही नको, क्लोरीन वायू सुटतो.

काम द्यायचंच असेल तर नमुना डागाच्या मधोमध करून घ्या आणि तो भाग पूर्ण वाळेपर्यंत एक पैसाही देऊ नका. पाण्याचे थेंब तिथे मोत्यासारखे उभे राहिले तर तेल अजून आत आहे.

आमच्याकडे ना बिल, ना पत्ता. फक्त बंद लागणारा मोबाइल नंबर. तरीही पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे. तुमच्याकडे बिल असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला 2 वर्षांची मुदत असते.