सेप्टिक टँक, दोन खड्डे की कर्दळीचा वाफा?

कोकणात घर किंवा होमस्टे बांधताना टाकी केवढी हवी यावर भरपूर खल होतो. टाकीबाहेर पडणारं पाणी कुठे जिरणार, हे मात्र गवंड्यावर सोडलेलं असतं. विहिरीचं बरंवाईट त्यावरच ठरतं.

सेप्टिक टँक गाळ खाली बसवते, थोडाफार कुजवते, एवढंच. वरचं पाणी निवळ दिसलं तरी रोगजंतू आणि अमोनिया त्यात असतातच. पुढचं गाळणं शोषखड्ड्याभोवतीच्या मातीनं करायचं असतं. पण सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, माती असते कुठे? जांभ्याचा चिरा हातात घेऊन पाहा, सगळी भोकंच भोकं. भेगांमधून पाणी न गाळताच खालच्या विहिरीकडे उतरतं. खड्डा झटपट पाणी पितो म्हणून मालक खूश असतो. मला तीच धोक्याची खूण वाटते. पुळणीलगतच्या (समुद्रकाठच्या वाळूलगतच्या) आगरात, म्हणजे माडांच्या बागेत, उलट गत. वाळू बरी गाळते, पण पावसाळ्यात भूजल इतकं वर येतं की खड्डाच बुडतो.

दोन खड्ड्यांचा संडास स्वस्त, आणि चार-पाच माणसांच्या घराला पुरतो. एक भरला की दुसरा वापरायचा. बंद ठेवलेल्यातल्या मैल्याचं दोनेक वर्षांत खत होतं. उपसायची गाडी लागत नाही (पाखाडीच्या दगडी पायवाटेवरून ती येणार तरी कशी?). खड्ड्याचा तळ मात्र पावसाळी भूजलाच्या दोन मीटर तरी वर हवा. मे महिन्यातल्या पाहुण्यांच्या गर्दीला हा उपाय नाही.

होमस्टे कातळावर असेल तर मी टाकीपुढे तिचं पाणी गाळणारा कर्दळीचा वाफा करीन. तळ सिमेंटचा, वर खडी, माणशी १ ते २ चौरस मीटर जागा. पाणी खडीच्या खालीच राहिलं पाहिजे, म्हणजे डास होत नाहीत. खर्च जास्त, तोंडाजवळची खडी अधूनमधून धुवावी लागते, आणि पागोळ्यांचं पाणी आत येऊ द्यायचं नाही. जंतू पूर्ण जात नाहीत, म्हणून बाहेरचं पाणी माडाच्या आळ्यात सोडा, भाजीला नको. न्हाणीचं पाणी जुन्या रीतीनं थेट केळींना दिलंत तर टाकीवरचा भार निम्म्याहून कमी होतो.

विहिरीचं पाणी भर पावसात एकदा आणि मे महिन्यात एकदा तपासून घ्या. नायट्रेट (सांडपाण्यातल्या अमोनियापासून बनणारा क्षार) लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत हवं, १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय (मैल्याची खूण सांगणारा जंतू) अजिबात नको. उकळून जंतू मरतात, नायट्रेट तसंच राहतं. आणि उताराच्या वरच्या अंगाला शेजाऱ्याचा शोषखड्डा असेल, तर आपल्या हद्दीत काहीही बांधा, आधी त्याच्याशी बोलावं लागेल.