समकालीनांवरची दोन विडंबनं: हेमिंग्वे की मॉम?

अमेरिकन लेखक अर्नेस्ट हेमिंग्वेची कादंबरी 'द टॉरेंट्स ऑफ स्प्रिंग' (1926) त्याच्याच देशातल्या ज्येष्ठ लेखकाच्या, शेरवूड अँडरसनच्या 'डार्क लाफ्टर' या कादंबरीवर थेट तुटून पडते. मिशिगनमधलं पेटोस्की, तिथला पंपांचा कारखाना आणि अँडरसनच्या शैलीची नक्कल: तेच भाबडे प्रश्न, तीच पुनरुक्ती. मूळ कादंबरी वाचलेली नसेल तर निम्मी गंमत हातातून निसटते. शिवाय पॅरिसला जाताना याच अँडरसनने हेमिंग्वेला ओळख करून देणारी पत्रं लिहून दिली होती. ते आठवलं की मला हे पुस्तक कृतघ्न वाटतं.

इंग्रज लेखक सॉमरसेट मॉमची कादंबरी 'केक्स अँड एल' (1930) कितीतरी सरस. त्यातला लेखक ॲलरॉय किअर म्हणजे त्या काळचा लोकप्रिय कादंबरीकार ह्यू वॉल्पोल, हे लंडनच्या साहित्यवर्तुळाने लगेच ओळखलं. खुद्द वॉल्पोल रात्री ती वाचायला बसला आणि हादरला. मॉमने आधी कानांवर हात ठेवले, पुढे कबुली दिली. कादंबरीतल्या ड्रिफील्ड या बड्या लेखकामध्ये अनेकांना नुकताच वारलेला कादंबरीकार थॉमस हार्डी दिसला. पण वॉल्पोल कोण हे ठाऊक नसलं तरी काही अडत नाही. मोठ्या माणसांची खुशामत करत वर चढणारा किअर कुठल्याही साहित्यसभेत भेटतो. आणि रोझी! ड्रिफील्डची ही पहिली बायको इतकी जिवंत आहे की तिच्यापुढे सगळे लेखक फिके पडतात.

एकच वाचणार असाल तर मॉम वाचा. हेमिंग्वे अँडरसननंतरच.