सिप्रीचा शस्त्रव्यवहारांचा डेटाबेस: वापरून पाहिला

मी राज्यशास्त्र शिकवते. सौदी पत्रकार जमाल खशोगींच्या हत्येवर तास घ्यायचा होता, म्हणून स्टॉकहोमच्या सिप्री या शांतता-संशोधन संस्थेचा डेटाबेस उघडला. फुकट आहे, नोंदी १९५० पासूनच्या. देणारा देश निवडा, घेणारा निवडा, वर्षं टाका, की तक्ता समोर.

सौदी अरेबिया टाकलं आणि तासभर जागची हलले नाही. २ ऑक्टोबर २०१८ला इस्तंबूलच्या सौदी वाणिज्य दूतावासात खशोगींना मारलं. जर्मनीने शस्त्रनिर्यात थांबवली. ट्रम्प यांनी मात्र नोव्हेंबरातल्या निवेदनात ११० अब्ज डॉलरची शस्त्रखरेदी आणि तेलाचे दर, दोन्ही सौदीची साथ न सोडण्याची कारणं म्हणून उघड मांडले. तक्त्यात अमेरिकेचा पुरवठा पुढच्या वर्षीही चालूच दिसतो. तेव्हा येमेनवर सौदी आघाडीचे बॉम्ब पडत होते. फार राग आला मला.

एक ध्यानात ठेवा, हे आकडे डॉलरचे नाहीत. ‘टीआयव्ही’ हे शस्त्रांच्या क्षमतेवर बेतलेलं एकक आहे. मी आधी पैसेच समजले होते. रायफली-पिस्तुलं यात धरत नाहीत, आणि माणसं दडपायला तीच तर लागतात. ही उणीव मला मोठी वाटते. तेलाचे आकडे दुसरीकडे शोधावे लागतात. तरी वर्गात पडद्यावर मी हाच तक्ता लावणार आहे.